गहू बंद, दूध बंद

माझी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत मोजून पाच पदार्थ खात होती. दूध-पोळी, ग्लुकोजची बिस्किटं, दहीभात, वरणभात आणि केळं. केळं, तेही सालीवर डाग नसलेलं. पोळी दुधात इतकी कुस्करायची की एकही गुठळी राहता कामा नये, आणि बिस्किट तुटलेलं निघालं तर ते बिस्किटच नव्हे. सहावी वस्तू तोंडाजवळ नेली की ती मान फिरवायची. फार आग्रह केला तर ताटली थेट जमिनीवर. आम्हाला हे सगळं पाठ होतं आणि आम्ही त्यावर हसतही होतो. माझी आई म्हणायची, "राजवाड्यातली आहे बाई, सगळं ठरल्याप्रमाणे लागतं हिला." बडोद्यात हा विनोद जरा जास्तच चालतो.

मुलगी बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही, पण दोन खोल्या पलीकडे बिस्किटांचा पुडा फोडला की हजर. नवरात्रात सोसायटीत लाउडस्पीकर लागले की नऊ दिवस दोन्ही कानांवर हात. काही हवं असेल तर आमचा हात मनगटाला धरायची आणि त्या वस्तूवर नेऊन ठेवायची, जणू हात म्हणजे आमच्यापासून सुटा असलेला चिमटा. मुलांच्या डॉक्टरबेन म्हणाल्या, "लक्षणं ऑटिझमच्या बाजूची दिसतात. नाव द्यायची घाई करू नका, पण थेरपीची घाई करा." आम्ही केली. आठवड्यातून तीनदा तिला बोलण्याच्या थेरपीला न्यायचो, आणि ती आत असेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचो.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मकरपुऱ्याच्या पुढे एका रसायनांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळतो. आलेला प्रत्येक नमुना तपासायचा आणि पास की नापास ते लिहायचं, हे मी वीस वर्षं करतोय. घरी आल्यावरही मी तेच करत असतो, असं बायकोचं म्हणणं आहे. ती प्राथमिक शाळेत शिकवते. तीही दिवसभर पास-नापास करतेच, पण तिची पोरं निदान तिला घाबरत नाहीत. मी तापट आहे. आणि मला मी हुशार वाटतो, हे त्याहून वाईट.

त्या बाकड्यावर एक गृहस्थ भेटले. त्यांच्या मुलाचा गहू बंद केला, दूध बंद केलं आणि तीन महिन्यांत पोरगा बोलायला लागला, असं त्यांनी सांगितलं. मी कान टवकारले. पुढचे दोन आठवडे मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून होतो. गव्हातलं प्रथिन, दुधातलं प्रथिन, आतडी, मेंदू. काही ठिकाणी लिहिलं होतं की फरक पडतो, काही ठिकाणी लिहिलं होतं की तसा पुरावा नाही. मी पहिलं लक्ष देऊन वाचलं आणि दुसरं वरवर वाचलं. डॉक्टरबेनना विचारलं नाही. त्या नाही म्हणतील अशी भीती होती, म्हणून विचारलं नाही, हे आज सरळ लिहून टाकतो.

एका सोमवारी आमच्या तरसालीच्या घरातून गहू गेला. कणकेचा डबा, रवा, शेवया, बिस्किटं सगळं शेजारच्या मासींकडे पोचतं केलं. दूध बंद, दही बंद, तूपसुद्धा बंद. नियम सगळ्या घराला लागू, कारण एकाच्या ताटात पोळी दिसली तर पोर मागणार. आईने कुरकूर न करता ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. सत्तरीला आलेली बाई, चहा काळा पिऊ लागली. मी प्रत्येक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायचो, मसाल्यांची, सॉसची, चिवड्याची, अगदी दंतमंजनाचीही. आणि प्रयोगशाळेत असते तशी एक जाड पुठ्ठ्याची वही केली. वेळ, काय दिलं, किती खाल्लं, झोप, पोट, चिडचिड, नजर. चांगला दिवस असेल तर हिरवी खूण, वाईट असेल तर लाल.

पहिले दिवस वाईट गेले. ती तिची वाटी घेऊन बायकोपाशी यायची, तिचं मनगट धरून फ्रिजच्या दारावर ठेवायची आणि वाट बघायची. बायको हात मागे घ्यायची. मुलगी पुन्हा मनगट धरून तो हात दारावर ठेवायची. असं सात-आठ वेळा चालायचं. रडायची नाही, फक्त परत परत हात ठेवायची. बायकोला एकदा रडू कोसळलं तेव्हा मी म्हटलं, "चार दिवस कळ काढ, सवय होईल." नारळाचं दूध करून दिलं, ते जमिनीवर. शेंगदाण्याचं दही लावलं, ते भिंतीवर. तांदळाची बिस्किटं तिने एकेक करून सोफ्याच्या फटीत नेऊन टाकली. शेवटी पाचातले दोनच पदार्थ उरले, केळं आणि वरणभात. तोही तुपाशिवाय. तरी ती तो खायची, आणि आईने कुकरमधून काढून घोटलेल्या वरणाचा वास आला की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहायची. मी वहीत लिहायचो, "वरणभात, एक वाटी. सुरक्षित."

सातव्या आठवड्यात ती "पाणी" म्हणाली. स्पष्ट म्हणाली, माठाकडे बघून. घरात दिवाळी झाली. आईने देवापाशी साखर ठेवली, बायको मुलीला कवटाळायला गेली आणि तिने नेहमीप्रमाणे अंग आकसून घेतलं, तरी बायको हसत होती. मी वहीत तो शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या. थेरपी देणारी मुलगी म्हणाली, "सहा महिने आम्ही प्रत्येक वेळी पेला दाखवून हाच शब्द घेत होतो." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकड्यावरच्या पालकांना आहार कसा पाळायचा ते समजावून सांगू लागलो. माझ्याइतका उंटावरचा शहाणा त्या बाकड्यावर दुसरा नव्हता. दोन बायकांनी माझ्याकडून वर्ज्य पदार्थांची यादी मोबाइलवर मागून घेतली.

तिसरा महिना उलटल्यावर लाल खुणा वाढल्या. ती भिंतीला डोकं आपटायला लागली. दुपारी तास-तासभर किंचाळायची, मग थकून फरशीवर पडून राहायची. मी वही घेऊन बसलो. आमच्याकडे कारखान्यात मालाचा एखादा घाणा बिघडला तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, त्या पाळीला कोण होतं? मी घरच्या वहीला तोच प्रश्न विचारला. लाल दिवस बहुतेक सोमवार ते शुक्रवार येत होते. मी कामावर, बायको शाळेत, घरी आई एकटी. शनिवार-रविवारी आम्ही तिघं घरी असायचो, तिच्या मागे वाटी घेऊन तासन् तास फिरायचो आणि खूण हिरवी पडायची. माझ्या मते गोष्ट उघड होती.

त्या रविवारी सकाळी मी आईसमोर वही उघडून ठेवली. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आई, खरं सांग. तू तिला दुपारी काय देतेस?"

"तू लिहून ठेवलंयस तेच देते ने."

"मासींकडून पोळी आणतेस का? दूध? बिस्किट? मी रागावणार नाही, पण मला कळायला हवं." मी रागावलेलोच होतो.

आईने हातातली जुडी खाली ठेवली. "अरे, पोर माझ्यासमोर रडून रडून निळी पडते, तरी मी देत नाही. तू सांगितलंस म्हणून देत नाही. आणि तू मला चोर म्हणतोस?"

"चोर नाही म्हणत. पण वही खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी माझ्या आईला ऐकवलं. बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "पुरे आता." पण माझं डोकं सटकलं होतं. नातीवरच्या मायेपायी म्हातारी माणसं कसा घात करतात, यावर मी एक भाषणच ठोकलं. आई उठली. मेथी तशीच टाकून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने मुलीला भरवणं सोडलं. स्वयंपाक करून ठेवायची, वाटी झाकून ठेवायची आणि मुलीच्या जेवायच्या वेळेला स्वतः खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायची, म्हणजे कुणी तिच्याकडे बोट दाखवायला नको. दुपारी भरवायला बायकोने शाळेतून अर्धी रजा घ्यायला सुरुवात केली. लाल खुणा काही कमी झाल्या नाहीत. त्या दिवसांत मला घरी यायची भीती वाटायची.

मग आमच्याकडचा हिंग संपला. हिंग आई नेहमी जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेतल्या एका दुकानातून सुटा आणायची, कागदाच्या पुडीत, आणि घरी आल्यावर लाकडी डबीत भरायची. माझ्या लहानपणापासून तो तिथूनच यायचा. आता ती बाहेरचं काही आणत नव्हती, म्हणून शनिवारी मी गेलो. दुकानदार वजन करत होता आणि मी सवयीने विचारलं, "काका, यात काय काय असतं?" पाच महिन्यांत हा प्रश्न मी इतक्या ठिकाणी विचारला होता की तो तोंडातून आपोआप निघायचा.

त्याला आनंद झाला. गिऱ्हाईक जाणकार वाटलं असावं. "भाई, चोखी हिंग तो कोई खाई न शके, बहु तेज. आ बांधेली छे. गुंदर आवे, घउंनो लोट आवे. अमारे त्यां बापदादाना वखतथी आम ज बने छे."

म्हणजे शुद्ध हिंग फार तेज, म्हणून डिंक आणि घउंनो लोट घालून तो बांधलेला. घउंनो लोट. गव्हाचं पीठ.

मी पुडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मागच्या बाईने "जरा खसो ने भाई" म्हटल्यावर बाजूला झालो. वरण शिजताना आई त्यात हळद आणि हिंग घालते, तिची आईही घालत असे, आमच्यात हिंगाशिवाय वरण होतच नाही. रोज दोन्ही वेळा. मुलीने पाच महिने जे खाल्लं, ज्याच्यापुढे मी "सुरक्षित" लिहीत होतो, त्यात पहिल्या दिवसापासून गहू होता. चिमटीएवढा असेल, पण मी ज्या कठोरपणाने चिमटीसाठी दंतमंजन बदललं होतं, त्या हिशेबाने सगळा प्रयोग पहिल्या दिवशीच बाद होता. पाकिटांवरचं मी सगळं वाचलं होतं. जिच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं त्या डबीकडे माझं लक्ष गेलं नाही. आणि कारखान्यात नावाची चिठ्ठी नसलेली बाटली दिसली तर मी आकाशपाताळ एक करतो.

स्कूटरपर्यंत चालत येताना दुसरी गोष्ट लक्षात आली. हिरव्या दिवशीही वरणात हिंग होता. "पाणी" म्हणाली त्या दिवशीही होता. आणि आईने काहीही दिलेलं नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. पण मी काय सांगितलं तेही लिहिलं पाहिजे, कारण मला त्याची अजून लाज वाटते. मी म्हटलं, "आता हिंग बंद करू आणि उद्यापासून पुन्हा पहिला दिवस धरू."

बायको म्हणाली, "तिच्या चड्ड्या कमरेवर राहत नाहीत. मी दोन महिने पिना लावतेय. तू वहीत सगळं लिहितोस, तिचं वजन कुठे लिहिलंयस?"

लिहिलं नव्हतं. तसा रकानाच केला नव्हता.

सोमवारी आम्ही दोघं मुलीला घेऊन डॉक्टरबेनकडे गेलो. काट्यावर तिला उभं करायला दहा मिनिटं लागली. पाच महिन्यांत मूल वाढतं, ती दीड किलोने उतरली होती. डॉक्टरबेन रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि पंधरा-वीस मिनिटं शांतपणे वाचत राहिल्या. मग एका लाल खुणेवर बोट ठेवलं आणि ते बोट डावीकडच्या रकान्यात नेलं. "सकाळी चार घास." दुसरी लाल खूण. "अर्धं केळं." तिसरी. "काही नाही." मग हिरव्या खुणा दाखवल्या. दीड वाटी, दीड वाटी, दोन वाट्या.

त्या म्हणाल्या, "तुम्ही फार नीट लिहिलंय. ज्या दिवशी कमी खाल्लं त्या दिवशी डोकं आपटलं. तिला भूक लागत होती. ती सांगू शकत नाही, एवढंच."

वहीत सगळं होतं. माझ्याच अक्षरात होतं. मी पाळीला कोण होतं ते शोधत बसलो होतो.

त्या पुढे म्हणाल्या, आहाराने काही मुलांना फायदा होतो असं पालक सांगतात, मी नाकारत नाही, पण जे मूल पाचच गोष्टी खातं त्याच्या तीन काढून घ्यायच्या असतील तर आधी कुणाला तरी विचारायचं. आता सगळं परत सुरू करा, सावकाश, जबरदस्ती नको. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "या काळात तिने स्वतःहून काही नवीन खाऊन बघितलं का? एखादा घास? अशा मुलांनी आपणहून तोंड उघडलं तर ती फार मोठी गोष्ट असते."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती. मग मला बोलावं लागलं, कारण ही गोष्ट वहीत नव्हती.

चौथ्या महिन्यात शेजारच्या मासींकडे सत्यनारायणाची कथा होती. मी मुलीला कडेवर घेऊन पाच मिनिटं दर्शनाला गेलो. मासींनी हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला, रवा, दूध आणि तूप. मी तो बाजूला ठेवायला वाकलो, तेवढ्यात मुलगी हात लांब करून मासींच्या वाटीकडे झुकली. तिने चिमटीत शिरा घेतला, वास घेतला आणि तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा तिने अनोळखी अन्न आपण होऊन तोंडात घातलं होतं. मासी ओरडल्या, "जुओ जुओ, एणे जाते खाधुं!" पोरीने आपलं आपण खाल्लं, हे बघायला सगळे वळले. ती जीभ हलवत होती. डोळे मोठे झाले होते. तिला ते आवडलं होतं, मला दिसत होतं.

मी तिचा जबडा धरला, तोंडात बोट घातलं आणि तो घास बाहेर काढला. ती चावली, तरी काढला. जिभेखाली राहिलेला कणसुद्धा काढला. मासींनी पदर तोंडाला लावला. मी घरी येऊन हात धुतले आणि बायकोला अभिमानाने सांगितलं की वेळेवर लक्ष गेलं म्हणून वाचलं.

डॉक्टरबेनचं लिहायचं थांबलं होतं. त्यांनी फक्त "अच्छा" म्हटलं आणि पुन्हा लिहायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी आईपुढे जाऊन बसलो आणि चुकलं म्हटलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "माझं सोड. मला निदान कळतं तरी की तू का असं वागलास." दुसऱ्या दिवशी तिने कणीक मळली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. मुलीने बिस्किटं पहिल्याच दिवशी परत घेतली, दूध तीन आठवड्यांनी. दूध-पोळी मात्र कायमची गेली, कितीही मऊ कुस्करून दिली तरी वाटी सरकवते. वजन भरून आलंय. वीसेक शब्द बोलते. आईच्या हातचं जेवते, बायकोच्या हातचं जेवते. मध्यंतरी मासींच्या हातून भेंडीची एक फोड खाल्ली, तेव्हा घरात पुन्हा दिवाळी झाली. माझा हात जवळ आला की ती ओठ आत ओढून घट्ट मिटून घेते. रागाने नाही. मांडीवर बसते, बोट धरून चालते, पण हातात घास असला की तोंड बंद. म्हणून मी तिचं ताट वाढतो, तिच्यासमोर ठेवतो आणि उठून दुसऱ्या खोलीत जातो. मग ती जेवते.